ज्यू समाजात दान गोळा कोण करतं आणि वाटतं कोण? कोकणातल्या ‘शिळ्या सणा’पासून ट्रस्टच्या कायद्यापर्यंत

योम किप्पूर हा ज्यू वर्षातला सगळ्यात कडक उपासाचा दिवस. कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, त्याला ‘दारफळणीचा सण’ म्हणायचे. दिवसभर दारं लावून घरात राहायचं, उपास करायचा, कोणाशी संबंध ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची आणि त्या दिवसाचं नाव होतं ‘शिळा सण’. त्या दिवशी एकमेकांच्या घरी जायचं आणि गरिबांना दान द्यायचं.

शिळ्या सणाचं दान साधं होतं. देणारा दारात, घेणारा समोर. मध्ये कोणी नाही, पावती नाही, समिती नाही. आज मुंबईतल्या एखाद्या वृद्ध ज्यू बाईंच्या औषधांचा खर्च समाजाच्या निधीतून होतो, तेव्हा देणारा कदाचित अमेरिकेतल्या एखाद्या शहरात असतो. दोघं एकमेकांना कधी भेटणार नाहीत. मध्ये विश्वस्त, लेखापरीक्षक, धर्मादाय आयुक्त, आयकर खातं आणि केंद्रीय गृह मंत्रालय असं सगळं उभं असतं.

हे ‘मधलं’ कसं तयार झालं? ते चालतं कसं? आणि समाजच लहान होत गेला तर त्याच्या निधीचं काय होतं?

दान नाही, देणं

हिब्रूत दानासाठी ‘त्सेदाका’ हा शब्द आहे. तो ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय या शब्दाशी जोडलेला आहे. म्हणजे गरिबाला दिलेला पैसा ही मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे. मराठीत ‘देणं’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात: देण्याची क्रिया आणि फेडायची बाकी. त्सेदाका समजून घ्यायला हा शब्द पुरेसा आहे.

मूळ नियम शेतीतले आहेत. पीक काढताना शेताचा कोपरा तसाच सोडायचा, खाली पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबांची. शेती सुटली, व्यापार आणि नोकरी आली, तेव्हा उत्पन्नाचा दहावा भाग बाजूला काढायची पद्धत रूढ झाली. शिखांमधला दसवंध किंवा ख्रिश्चनांमधला दशांश याच्या जवळचा हा प्रकार. मुस्लिमांची जकात मात्र उत्पन्नावर नाही, साठलेल्या संपत्तीवर मोजतात. ज्यू परंपरेत आणखी एक नियम आहे: जो स्वतः दानावर जगतो, त्यानेही त्यातलं थोडं दुसऱ्याला द्यायचं. घेणारा कायमचा फक्त ‘घेणारा’ राहू नये, असा त्याचा हेतू दिसतो.

पण सगळ्यात व्यावहारिक नियम पैसे हाताळण्याबद्दल आहे. तालमूद या प्राचीन धर्मग्रंथात गावाच्या निधीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक आठवड्याची पेटी, जिच्यातून शुक्रवारी गरिबांना पैसे वाटायचे. दुसरं रोजचं सामुदायिक जेवण. पेटीतला पैसा किमान दोघांनी मिळून गोळा करायचा आणि तिघांनी मिळून वाटायचा. गोळा करायला दोन, कारण लोकांकडून पैसे मागणं हा एक प्रकारचा अधिकार आहे, तो एकट्याच्या हातात नको. वाटायला तीन, कारण कोणाला किती द्यायचं हे ठरवणं म्हणजे निवाडा करणं, आणि निवाड्याला तीन जण लागतात.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या जगातली ही व्यवस्था आजच्या कुठल्याही सोसायटीच्या किंवा मंडळाच्या खजिनदाराला लगेच ओळखू येईल. चेकवर दोन सह्या लागतात, त्याचं कारण तेच आहे.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या मायमोनिडीस या विद्वानाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली नाखुशीने देणारा. वर चढत गेलं की न मागता देणारा, मग नाव न सांगता देणारा. सातव्या पायरीवर देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. आठवी, सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन त्याच्या पायावर उभं करणं. सातवी पायरी वाचली की लक्षात येतं, मध्ये विश्वासू संस्था असल्याशिवाय ती शक्यच नाही.

शब्बाथला पैशाला हात लावायचा नाही, मग देणगी कशी?

शनिवारी, म्हणजे शब्बाथला, ज्यू माणूस काम करत नाही आणि पैशाला हात लावत नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. पण सिनेगॉगमध्ये सगळे जमतात ते त्याच दिवशी. मग तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचताना ज्याला पुढे येण्याचा मान मिळतो तो देणगी फक्त तोंडी कबूल करतो. पैसे नंतर, आठवड्याच्या दिवशी. शब्द दिला की तो चारचौघांत दिलेला असतो, त्यामुळे तो बुडवणं कठीण जातं.

बेने इस्रायलींमध्ये याच्या जोडीला नवस आहे. तो बोलतात एलियाहू हानाबी, म्हणजे प्रेषित एलिया यांना. अलिबागजवळच्या खंडाळा गावात एका खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. नवस फेडताना पोहे, नारळ, साखर आणि फळं यांचा ‘मलिदा’ करतात आणि सगळ्यांना वाटतात.

मुंबईतलं पहिलं सिनेगॉगही नवसातूनच उभं राहिलं असं सांगतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर, समाजात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जाणारे, म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटका झाली तर सिनेगॉग बांधीन असं त्यांनी ठरवलं होतं, ही त्यामागची कथा. १७९६ मध्ये त्यांनी मशीद बंदर भागात ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार, बांधलं. तो रस्ता आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो.

ससून: एका घराण्याचं दान

महाराष्ट्रात ज्यू दान म्हटलं की पहिलं नाव येतं ससूनचं. बगदाद सोडून १८३०च्या दशकात मुंबईत आलेले डेव्हिड ससून आणि त्यांची मुलं यांनी जे बांधलं त्याची यादी मोठी आहे: भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग, पुण्याचं ओहेल डेव्हिड (पुणेकरांचं ‘लाल देऊळ’), पुण्याचं ससून रुग्णालय, काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय, माहीमची डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल, पुण्याच्या नव्या पेठेतला ‘निवारा’. या घराण्याच्या पेढीत व्यवहाराचा ठरावीक अंश धर्मादायासाठी बाजूला काढायची रीत होती. आपल्याकडच्या जुन्या व्यापाऱ्यांमध्येही बिलावर ‘धर्मादा’ लावायची पद्धत होती. नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

हा पैसा आला कुठून, हेही सांगायला हवं. कापूस होता, कापड होतं, आणि चीनला जाणारी अफूही होती. रुग्णालयाच्या पाटीवर ते लिहिलेलं नसतं.

ससूनच्या दानाचं एक वैशिष्ट्य म्हणजे त्यातला मोठा भाग ज्यूंपुरता नव्हता. ससून रुग्णालय आज सरकारी आहे आणि तिथे येणाऱ्या बहुतेक रुग्णांना ‘ससून’ हे आडनाव आहे याचा पत्ताही नसेल. पण समाजाच्या आत मात्र दारं इतकी उघडी नव्हती. बगदादहून आलेल्या ज्यूंपैकी अनेक जण मराठी बोलणाऱ्या, साडी नेसणाऱ्या बेने इस्रायलींना बरोबरीचं मानत नव्हते. १८३६ मध्ये मुंबईच्या ज्यू दफनभूमीत दोन गटांच्या मध्ये भिंत घालावी, असा अर्ज बगदादी ज्यूंनी सरकारकडे केला होता. १९३०च्या दशकात रंगूनमध्ये सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्रायलींना मत आहे की नाही, हा वाद न्यायालयात गेला आणि निकाल बेने इस्रायलींच्या बाजूने लागला.

कुठल्याही समाजाच्या निधीतला खरा तंटा इथे असतो. किती जमले, यापेक्षा ‘आपला’ कोण, हा. ट्रस्टच्या दस्तात ‘ज्यू समाजाच्या हितासाठी’ असा एक शब्द लिहिला जातो आणि त्याचा अर्थ पुढे शंभर वर्षं भांडून ठरवावा लागतो.

वर्गणीची शाळा

एका श्रीमंत घराण्यावर अवलंबून न राहता बेने इस्रायलींनी स्वतः उभी केलेली संस्था म्हणजे शाळा. हाइम सॅम्युएल केहीमकर हे तिच्यामागचे मुख्य माणूस; बेने इस्रायलींचा इतिहास लिहिणारेही तेच. १८७५ मध्ये मुंबईत इस्रायलाइट स्कूल सुरू झाली. समाज मध्यमवर्गीय होता: कारकून, सैनिक, सुतार, गवंडी. वर्गणी तुटपुंजी पडायची. मदत आली लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनकडून. या संस्थेने शाळेला अनुदान दिलं.

परदेशातल्या धर्मबांधवांनी जमवलेला पैसा मुंबईतल्या मराठी ज्यू मुलांपर्यंत पोहोचण्याचं हे सुरुवातीचं आणि नीट दिसणारं उदाहरण. १९३०च्या दशकात सर एली कडूरी यांच्या मोठ्या देणगीनंतर शाळेला त्यांचं नाव मिळालं. कडूरी मूळचे बगदादचे, ससूनच्या पेढीत नोकरीला लागून पूर्वेकडे गेलेले आणि हाँगकाँग-शांघायमध्ये श्रीमंत झालेले. माझगावची ती शाळा अजून चालू आहे.

अमेरिकेतलं ‘फेडरेशन’ म्हणजे काय?

ज्यू संस्थांची पैसे जमवण्याची आजची पद्धत मुख्यतः अमेरिकेत घडली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या शहरांत ज्यू निर्वासितांचे लोंढे येत होते. दवाखाना वेगळा पैसे मागायचा, अनाथाश्रम वेगळा, शाळा वेगळी. एकाच व्यापाऱ्याच्या दारात महिन्यातून दहा जण. १८९५ मध्ये बॉस्टनमधल्या ज्यू संस्थांनी एकत्र येऊन ठरवलं की वर्षातून एकदाच मोहीम काढायची, पैसा एका ठिकाणी जमा करायचा आणि मग वाटायचा. हेच फेडरेशन. आज उत्तर अमेरिकेत अशी जवळपास दीडशे फेडरेशन्स आहेत.

वर्षाच्या मोहिमेत स्वयंसेवक फोन करतात, भेटी घेतात, जेवणावळी होतात. देणारा आकडा कबूल करतो आणि वर्षभरात हप्त्यांनी भरतो. शब्बाथचा तोंडी शब्द आणि हे कबूलपत्र यांचं नातं सहज दिसतं. जमलेल्या पैशाचं काय करायचं हे देणारा एकटा ठरवत नाही. स्वयंसेवकांची समिती संस्थांचे अर्ज बघते, हिशेब तपासते, आपल्या शहरासाठी किती आणि परदेशासाठी किती हे ठरवते. तालमूदातले तिघे इथे वीस-पंचवीस झालेले असतात, एवढंच.

मोहिमेचा एक वादग्रस्त प्रकार म्हणजे ‘कार्ड कॉलिंग’. सभागृहात प्रत्येकाच्या नावाचं कार्ड वाचायचं आणि त्याने उठून आकडा जाहीर करायचा. गणपतीच्या मंडपात लाउडस्पीकरवर ‘अमुक यांच्याकडून एक हजार एक रुपये’ ऐकलेल्या कोणालाही हे नवीन नाही. मायमोनिडीसच्या सातव्या पायरीपासून हे खूप लांब आहे. पण त्याने पैसे जमतात, हे नाकारता येत नाही.

अलीकडे फेडरेशनसमोर वेगळीच अडचण आहे. तरुण देणाऱ्यांना ‘समिती ठरवेल’ हे पटत नाही. त्यांना आपला पैसा नेमका कुठे गेला हे बघायचं असतं. त्यामुळे विशिष्ट कामासाठी दिलेल्या देणग्या वाढतात. मग ज्या कामांचा फोटो चांगला येत नाही, उदाहरणार्थ एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं घरभाडं, त्यांना पैसा कमी पडतो.

फेडरेशनचा परदेशासाठीचा पैसा ज्या संस्थांकडे जातो त्यातली प्रमुख म्हणजे अमेरिकन ज्युइश जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी, थोडक्यात जेडीसी किंवा ‘जॉइंट’. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ मध्ये, अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी तार करून पॅलेस्टाइनमधल्या उपाशी ज्यूंसाठी ५० हजार डॉलर मागितले. त्या मदतीतून ही संस्था उभी राहिली. नावातला ‘डिस्ट्रिब्युशन’ हा शब्द मुद्दाम आहे: जमवणारे दुसरे, वाटणारे हे. मुंबईत जेडीसीचं काम १९६०च्या दशकापासून आहे. गरीब वृद्धांना आर्थिक आणि वैद्यकीय मदत, सणांचे कार्यक्रम, तरुणांसाठी उपक्रम असं त्याचं स्वरूप.

भारतात कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात सिनेगॉग असो, देऊळ, दर्गा किंवा शाळा, सार्वजनिक ट्रस्ट असेल तर त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. कायदा १९५०चा, तेव्हाचा मुंबई आणि आताचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. विश्वस्त बदलले की ‘चेंज रिपोर्ट’ द्यायचा, दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे. एखाद्या ट्रस्टची नोंद किंवा हिशेब बघायचे असतील तर शुल्क भरून प्रती मागता येतात. विदर्भातल्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, नागपुरात धर्मादाय सह आयुक्तांचं कार्यालय आहे.

आता करसवलतीचा मुद्दा, कारण इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. ज्याला लोक ‘८०जी’ म्हणतात ती सवलत प्रत्येक देणगीला मिळत नाही. एखादा ट्रस्ट ठरावीक धर्माच्या किंवा जातीच्या लोकांपुरताच असेल, तर त्याला दिलेल्या देणगीवर साधारणपणे ही सवलत नाही. म्हणजे ‘फक्त आमच्या समाजातल्या गरिबांसाठी’ असं लिहिलेल्या ट्रस्टला देणारा करात सूट मागू शकत नाही, मग समाज ज्यू असो की दुसरा कुठला. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीसाठी दिलेली देणगी हा अपवाद. शिवाय रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर सवलत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदाराला ती मुळातच मिळत नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण लोकांच्या तोंडी ८०जीच राहील असं दिसतं.

परदेशातून पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे २०१०चा परकीय योगदान कायदा. २०२०च्या दुरुस्तीनंतर नियम कडक झाले. पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. आणि हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. फेडरेशनची पद्धत म्हणजे एकाने जमवायचं आणि अनेकांना द्यायचं. भारतात पोहोचल्यावर परदेशी पैशाला ती वाट बंद आहे: ज्याच्या खात्यात आला, त्यानेच खर्च करायचा.

लोक कमी, मालमत्ता जास्त

विसाव्या शतकाच्या मध्याला भारतात वीस हजारांहून जास्त ज्यू होते. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुतेक तिकडे गेले. आज देशभरात चार ते पाच हजार असावेत, त्यातले बहुतेक मुंबई, ठाणे आणि रायगड पट्ट्यात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

लोक गेले, इमारती राहिल्या. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ, पनवेलचं बेथ एल, गावोगावच्या दफनभूमी. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात, काही ठिकाणी तेवढे जमणं कठीण होतं. रोषणाईचं बिल, कौलांची दुरुस्ती आणि राखणदाराचा पगार मात्र चालूच असतो. वर्गणी देणारी माणसं कमी आणि जागेचा भाव आभाळाला, अशा स्थितीत ट्रस्टवर दोन बाजूंनी ताण येतो. कोणी म्हणतं विका आणि त्या पैशातून म्हाताऱ्यांना बघा. कोणी म्हणतं पूर्वजांनी दिलेलं विकायचा तुम्हाला अधिकार काय?

कायद्याचं उत्तर असं की विश्वस्त मालक नाहीत. कलम ३६ नुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाड्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. व्यवहार ट्रस्टच्या हिताचा आहे हे दाखवावं लागतं.

सगळे मार्ग विकण्याकडेच जातात असं नाही. काळा घोड्याचं निळं सिनेगॉग, केनेसेथ एलियाहू, १८८४ मध्ये जेकब ससून आणि त्यांच्या भावांनी वडिलांच्या आठवणीत बांधलं. २०१९ मध्ये त्याचं जीर्णोद्धाराचं काम पूर्ण झालं, वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली. पैसा आला काळा घोडा असोसिएशन, जेएसडब्ल्यू फाउंडेशन आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांच्यामार्फत. ससूननी एकेकाळी सगळ्यांसाठी रुग्णालय आणि ग्रंथालय बांधलं, त्यांच्या सिनेगॉगसाठी समाजाबाहेरच्यांनी पैसे दिले. पण काळा घोडा म्हणजे मुंबईतली प्रसिद्ध जागा. कोकणातल्या लहान सिनेगॉगकडे असे देणारे सहज वळत नाहीत.

मूळ हेतूच उरला नाही तर? समजा एखादा निधी ‘या गावातल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी’ ठेवला आहे आणि गावात ज्यू विद्यार्थीच नाही. त्यासाठी कलम ५५ आणि ५६ आहेत. न्यायालयाकडून आदेश घेऊन तो निधी मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळच्या कामाला वळवता येतो. ‘जवळचं’ म्हणजे काय, यावर पुन्हा वाद होऊ शकतो: शेजारच्या तालुक्यातले ज्यू विद्यार्थी, की त्याच गावातले इतर धर्मांचे विद्यार्थी? माझगावच्या कडूरी शाळेत हा प्रश्न न्यायालयात न जाताच सुटला. बेने इस्रायली मुलांसाठी सुरू झालेल्या त्या शाळेत आज बहुसंख्य मुलं ज्यू नाहीत.